गॅस आला तरी चूल गेली नाही. मग ती निवडायची कशी आणि सांभाळायची कशी?

पुण्याहून कोल्हापूरकडे निघालं की हायवेच्या कडेला एक पाटी हमखास दिसते, 'चुलीवरचं मटण'. शहरातली माणसं गाडी थांबवून, जास्तीचे पैसे मोजून ती चव खातात.

पण त्याच हायवेवरून आत गावात वळलं की चूल ही हौस राहत नाही. तिथं ओट्यावर गॅस असतो आणि मागच्या पडवीत चूल. चहा आणि भाजी गॅसवर होते. भाकरी, हरभरा शिजवणं, जनावरांचं आंबोण आणि घरातल्या पाच-सहा जणांच्या अंघोळीचं पाणी मात्र चुलीवर, कारण सिलिंडर पुरवून वापरायचा असतो.

१ मे २०१६ ला उत्तर प्रदेशातल्या बलियामधून उज्ज्वला योजना सुरू झाली आणि गॅस कोट्यवधी घरांत पोचला. तरीही २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या ५८.६ टक्के घरांतच स्वयंपाकासाठी स्वच्छ इंधन आढळलं. महाराष्ट्रात हा आकडा ८० टक्क्यांच्या जवळ होता. त्यातही हे सर्वेक्षण घरातलं मुख्य इंधन विचारतं. म्हणजे गॅससोबत पडवीत पेटणारी दुसरी चूल या हिशोबात येतच नाही.

थोडक्यात, चूल अजून आहे आणि बरीच वर्षं राहणार आहे. मग निदान ती कमी धुराची, कमी सरपण खाणारी असावी, यासाठी काय करायचं?

मुळात धूर होतोच का?

लाकूड थेट जळत नाही. तापलं की आधी त्यातलं पाणी वाफ होऊन निघतं. मग लाकडातून पेट घेणारे वायू बाहेर पडतात. आपल्याला दिसणारी ज्योत या वायूंची असते. शेवटी उरतो तो निखारा.

हे वायू पूर्ण जळायला दोन गोष्टी लागतात : भरपूर उष्णता आणि पुरेशी हवा. यातलं एक जरी कमी पडलं तरी वायू न जळताच वर निघून जातात. तोच धूर. म्हणजे धूर हे वाया गेलेलं जळण आहे. कमी धुराची चूल सरपण वाचवते, त्याचं एक कारण हेच.

दुसरं कारण भांड्याशी आहे. तीन दगडांच्या चुलीत बरीचशी आच भांड्याच्या बाजूने निसटून जाते. अशा चुलीत लाकडातली साधारण १० ते १५ टक्केच उष्णता भांड्यात पोचते. बाकीची दगड आणि हवा तापवण्यात जाते.

आणि धूर फक्त डोळ्यांना झोंबत नाही. घरातल्या धुरामुळे २०२० साली जगभरात अंदाजे ३२ लाख लोकांचा जीव गेला, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. लहान मुलांचा न्यूमोनिया, बायकांना होणारा दम्यासारखा फुप्फुसाचा जुनाट आजार, हृदयविकार, पक्षाघात हे सगळं त्यात येतं. आयुष्यात कधी बिडीला हात न लावलेल्या आजीला धाप लागते, तेव्हा डॉक्टर पहिला प्रश्न चुलीचाच विचारतात, तो यामुळे.

ओडिशातल्या चुलींचं काय झालं?

बिनधुराची चूल ही कल्पना नवी नाही. वर्ध्याच्या मगनवाडीत गांधीजींच्या ग्रामोद्योग चळवळीतून 'मगन चूल' पुढे आली. १९८० च्या दशकात केंद्र सरकारने सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रमच सुरू केला आणि २००२ पर्यंत देशभरात तीन कोटींहून जास्त चुली बसवल्या. आज त्यातल्या किती शिल्लक आहेत, हे गावातल्या कुणालाही विचारा.

असं का झालं, याचं उत्तर ओडिशातल्या एका मोठ्या अभ्यासात सापडतं. रेमा हॅना, मायकल ग्रीनस्टोन आणि पुढे २०१९ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालेल्या एस्थर डुफ्लो यांनी तिथल्या सुमारे २,६०० कुटुंबांचा चार वर्षांपर्यंत मागोवा घेतला. या घरांना धुराडं असलेल्या मातीच्या चुली देण्यात आल्या होत्या.

पहिल्या वर्षी स्वयंपाक करणाऱ्या बाईच्या छातीत जाणारा धूर खरंच कमी झाला. पुढच्या वर्षांत तो फायदा दिसेनासा झाला. फुप्फुसं सुधारली नाहीत आणि सरपणही वाचलं नाही.

प्रयोगशाळेत याच प्रकारच्या चुली चांगल्या चालतात. पण घरात धुराडं वेळेवर साफ झालं नाही, तडे बुजवले गेले नाहीत, आणि हळूहळू लोक परत जुन्या चुलीकडे वळले.

म्हणून चूल निवडताना पहिला प्रश्न 'सगळ्यात भारी कुठली?' हा नसावा. 'आपल्या घरी कुठली सांभाळली जाईल?' हा असावा.

मग चूल कुठली घ्यायची?

बाजारात आणि गावात मिळून साधारण चार पर्याय आहेत.

१. मातीची साधी चूल : जवळपास फुकट आणि हवी तशी थापता येते. भाकरीसाठी पुढे निखारे ओढता येतात, बाजूच्या वैलावर भात शिजतो. पण धूर सगळा घरात. ती ठेवायचीच असेल तर चारही बाजूंनी मोकळ्या पडवीत ठेवावी.

२. धुराड्याची पक्की चूल : रोज दोन वेळचा स्वयंपाक चुलीवरच होत असेल तर ही बरी. पुण्याच्या 'आरती' संस्थेने, म्हणजे डॉ. आनंद कर्वे यांनी उभ्या केलेल्या ॲप्रोप्रिएट रूरल टेक्नॉलॉजी इन्स्टिट्यूटने, महाराष्ट्रात रुजवलेली 'लक्ष्मी' चूल याच जातीची. सिमेंटची, साच्यातून काढलेली, दोन भांड्यांची आणि धूर पाइपातून बाहेर सोडणारी. हिचा फायदा पूर्णपणे पाइप साफ ठेवण्यावर अवलंबून आहे.

३. उचलून नेता येणारी धातूची चूल : यातल्या बऱ्याच चुली 'रॉकेट' तत्त्वावर चालतात. अमेरिकेतल्या ओरेगॉनमध्ये लॅरी विनियार्स्की यांनी १९८० च्या दशकात ही रचना मांडली. काटक्या खालून आडव्या सरकवायच्या आणि आग उभ्या नळीत वर चढते. नळीच्या भिंती उष्णता धरून ठेवतात, त्यामुळे वायू भांड्याला टेकण्याआधीच जळून जातात. चार काटक्यांवर चहा होतो. धुराडं नसल्यामुळे ती उघड्यावर किंवा दाराशी वापरावी. शेतावर राहणाऱ्यांना आणि भाड्याच्या घरात राहणाऱ्यांना सोयीची.

४. पंख्याची चूल : छोटा पंखा हवा आत ढकलतो, त्यामुळे धूर सगळ्यात कमी. पण बॅटरी आणि दुरुस्ती आलीच. काही मॉडेलना ठरावीक इंधन लागतं आणि खरी अडचण तिथे आहे. साधारण पंधरा-वीस वर्षांपूर्वी 'ऊर्जा' नावाची अशीच चूल महाराष्ट्र-कर्नाटकात लाखोंनी विकली गेली. शेतातल्या टाकाऊ मालापासून केलेल्या गोळ्यांवर ती चालायची. गोळ्या महागल्या आणि चुली माळ्यावर गेल्या. त्यामुळे जे जळण आपल्या बांधावर मिळतं, त्यावर चालणारीच चूल घ्यावी.

विकतची चूल घेताना भारतीय मानक ब्युरोचं आयएस १३१५२ हे मानक आहे का ते विचारा. त्यानुसार बिनपंख्याच्या चुलीची कार्यक्षमता किमान २५ टक्के आणि पंख्याच्या चुलीची किमान ३५ टक्के असावी लागते. तीन दगडांच्या चुलीशी ताडून पाहिलं तर त्याच स्वयंपाकाला सरपण निम्म्यावर येऊ शकतं.

दुकानात आणखी तीन गोष्टी हाताने तपासा. घरातलं सगळ्यात मोठं पातेलं तिच्यावर ठेवून डाव जोरात फिरवला तर ती कलते का? आतली जाळी किंवा नळी खराब झाली तर ती वेगळी विकत मिळते का? आणि भाकरी पुढ्यात भाजायची सवय असेल तर तेवढी जागा आहे का? भाकरी नीट होत नसेल तर कितीही चांगली चूल महिन्याभरात कोपऱ्यात जाते.

फक्त पाणीच तापवायचं असेल तर जुना तांब्याचा बंब विसरू नका. आग मधल्या नळीत आणि पाणी तिच्या भोवती, अशी त्याची रचना. नळीच धुराड्याचं काम करते आणि आच वाया कमी जाते.

अर्धी लढाई सरपणाची

ताज्या तोडलेल्या लाकडात वजनाच्या जवळपास निम्मं पाणी असू शकतं. असं एक किलो लाकूड चुलीत घालणं म्हणजे अर्धा लिटर पाण्याची वाफ करून हवेत सोडणं. आग थंड पडते आणि घर धुराने भरतं. मग दोष चुलीला जातो.

लाकूड वाळलंय हे ओळखायला यंत्र लागत नाही. दोन तुकडे एकमेकांवर आपटले की ठणठणीत आवाज येतो, टोकांना चिरा पडलेल्या असतात, साल सुटते. पेटवल्यावर टोकाला फेस आला किंवा चरचर ऐकू आली तर ते ओलं आहे.

लाकूड आधी फोडून मगच रचावं, अख्खा ओंडका वर्षभर ठेवला तरी आतून ओला राहतो. रास जमिनीला टेकवू नये, खाली दगड घालावेत. वर पत्रा असावा, बाजू मोकळ्या असाव्यात. मृगाचा पाऊस यायच्या आत हे काम संपवलं की पावसाळा सोपा जातो.

चुलीत अंगठ्याएवढ्या जाडीच्या काटक्या थोड्या थोड्या सारायच्या. तोंड गच्च भरलं की हवा अडते आणि फुंकणी हातातून सुटत नाही. पऱ्हाट्या आणि तुराट्या चांगल्या पेटतात, पण भराभर जळतात, त्यामुळे चुलीपाशी बसून राहावं लागतं.

काही गोष्टी चुलीत कधीच घालू नयेत : प्लास्टिकची पिशवी, टायरचा तुकडा, रंग दिलेलं लाकूड, प्लायवूड. त्यांचा धूर साध्या धुरापेक्षा जास्त विषारी असतो. कण्हेर आणि बिब्ब्याचं लाकूडही टाळावं.

देखभाल : काय आणि कधी?

रोज : पेटवण्याआधी राख काढावी. राखेने जाळी बुजली की खालून हवा मिळत नाही. काढलेली राख पत्र्याच्या डब्यात ठेवावी, कारण तिच्यात निखारा एक दिवसाहून जास्त जिवंत राहू शकतो. प्लास्टिकची बादली किंवा उकिरडा नको.

आठवड्याला : दोन भांड्यांच्या चुलीत पहिल्या भांड्याखालून दुसऱ्याकडे जाणारा बोगदा हाताने किंवा उलथण्याने मोकळा करावा. काजळी सगळ्यात आधी तिथे साचते. भांड्याच्या बुडाची काजळीही खरवडावी, तिच्यामुळे आच आत पोचायला वेळ लागतो.

पंधरा दिवस ते महिन्याला : धुराडं साफ करावं. चूल पूर्ण गार झाल्यावर लांब काठीला किंवा दोरीला काथ्याचा बोळा बांधून पाइपातून वर-खाली फिरवावा. नाका-तोंडाला फडकं बांधावं. काजळी साचली की धूर उलटा घरात येतो, आणि फार साचली तर पाइपातच पेट घेऊ शकते. पूर्वी न येणारा धूर आता घरात येतोय, हीच सफाईची खूण.

पावसाळ्याआधी : पाइपावरची टोपी जागेवर आहे का, पाइपाचं तोंड छपरापेक्षा दोन-तीन फूट वर आहे का, पाइप लाकडी वाशाला टेकत नाही ना, हे पाहावं. मातीच्या चुलीचे तडे माती, शेण आणि भाताच्या तुसाने बुजवून सारवावेत. धातूच्या चुलीला गंज लागला असेल तर ती कोरड्या जागी हलवावी.

ही कामं कुणाची, हेही ठरवून टाकावं. छपरावर चढून पाइप साफ करणं हे 'बाईचं काम' म्हणून सोडलं तर ते राहूनच जातं.

एक धोका धुराशिवायचा

धूर दिसत नाही म्हणजे सगळं ठीक, असं नसतं. लालबुंद निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. थंडीत शेगडी खोलीत घेऊन दारं-खिडक्या लावून झोपलेली माणसं सकाळी उठत नाहीत, ती यामुळे. निखारे असलेली शेगडी झोपायच्या खोलीत कधीच ठेवू नये. चुलीपाशी डोकं दुखणं, मळमळ, चक्कर असं काही झालं तर आधी मोकळ्या हवेत जावं आणि मग डॉक्टरांकडे.

चुलीची जागाही महत्त्वाची. समोरासमोर दोन झरोके असले तर हवा खेळती राहते. चूल कमरेएवढ्या ओट्यावर घेतली तर वाकून धूर ओढावा लागत नाही आणि रांगणारं मूल आगीपर्यंत पोचत नाही.

एक मात्र खरं, चूल कितीही सुधारली तरी ती गॅस किंवा विजेच्या शेगडीइतकी स्वच्छ होत नाही. त्यामुळे घरात गरोदर बाई, तान्हं बाळ किंवा दम्याचा रुग्ण असेल तर रोजचा स्वयंपाक शक्य तेवढा गॅसवर करावा आणि चूल पडवीत ठेवावी.

बाकी चूल धूर करायला लागली की नवी आणायची घाई करू नका. आधी सरपण वाळलंय का, राख काढलीय का आणि पाइप मोकळा आहे का, एवढं बघा. बऱ्याच घरांतला धूर तेवढ्यानेच निम्मा होतो.