घर बघताय? आधी दोघांचा रस्ता बघा!

'तो' चाकणच्या प्लांटमध्ये, 'ती' शिवाजीनगरच्या ऑफिसात आणि पिल्लू पाळणाघरात. अशा जोडप्यानं घर घ्यायचं कुठं?

मोशी चाकणला जवळ, फ्लॅटही ऐसपैस. पण पुणे-नाशिक हायवेवरची संध्याकाळची कोंडी पाचवीलाच पुजलेली! शिवाय मेट्रोसाठी 'ती'नं आधी पिंपरी गाठायची. तिथून शिवाजीनगरपर्यंत मेट्रो २०२३ मध्ये सुरू झाली, २०२४ मध्ये ती थेट स्वारगेटला पोचली.

माझं मत विचाराल, तर आकुर्डी-चिंचवड. पुणे-लोणावळा लोकल 'ती'ला थेट शिवाजीनगरला उतरवते. चाकणच्या बऱ्याच कंपन्या स्टाफसाठी बस सोडतात. 'त्या'च्या कंपनीची बस जवळ थांबते का, तेवढं आधी विचारून घ्या. त्याच पैशात एक खोली कमी मिळेल, हे मात्र गृहीत धरा.

आणि हो, साइट बघायला रविवारी जाऊ नका. गुरुवारीही नको, कारण त्या दिवशी पिंपरी-भोसरी एमआयडीसीतल्या कित्येक कारखान्यांना सुट्टी असते. रस्ता मोकळा दिसतो आणि आपण फसतो. मंगळवारी संध्याकाळी सहाला निघा. पाळणाघर बंद व्हायच्या आत दोघांपैकी एक जण तरी पोचतोय? मग खुशाल टोकन द्या!