सही कोणाची चालणार? समलिंगी जोडपी, दत्तक मूल आणि मुलाचे आरोग्य

दोन स्त्रिया किंवा दोन पुरुष जोडीने संसार करतात आणि त्यांच्या घरात एक मूल वाढते. असे घर दिसले की लोकांच्या तोंडी पहिला प्रश्न येतो, 'अशा घरात मूल बिघडणार नाही का?' प्रश्न मुलाच्या आरोग्याचा आहे, म्हणून तो या पानावर घेणे आम्हाला गरजेचे वाटते. ऐकीव गोष्टी बाजूला ठेवून शास्त्र काय सांगते आणि कायदा काय करतो, हे आपण पाहू.

प्रथम मूळ गैरसमज. समलिंगी असणे हा आजार नाही. जागतिक आरोग्य संघटनेने १९९० साली समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढून टाकली. भारतातील मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेनेही, इंडियन सायकिअॅट्रिक सोसायटीने, २०१८ मध्ये हेच स्पष्ट केले. त्याच वर्षी ६ सप्टेंबरला सर्वोच्च न्यायालयाने कलम ३७७ च्या निकालात प्रौढांच्या संमतीच्या समलिंगी संबंधांवरचा गुन्ह्याचा शिक्का पुसला. तेव्हा 'पालकांचा रोग मुलाला लागेल' ही भीती निराधार आहे.

अभ्यास काय सांगतात?

अमेरिकेत १९८६ पासून लेस्बियन मातांच्या कुटुंबांचा एक दीर्घ अभ्यास सुरू आहे. मुले जन्मण्याआधीपासून संशोधक या घरांच्या संपर्कात आहेत. ही मुले पंचवीस वर्षांची झाली तेव्हा त्यांची मानसिक स्थिती त्यांच्या वयाच्या इतर तरुणांशी ताडून पाहिली. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत दोन्ही गटांत लक्षणीय फरक आढळला नाही. ७७ जणांचा हा गट लहान आहे, हे खरे. पण हा एकटाच अभ्यास नाही.

ब्रिटनमध्ये केंब्रिज विद्यापीठाच्या सुझन गोलोम्बोक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दत्तक मुले असलेली १३० कुटुंबे तपासली. त्यांत ४१ घरांत दोन वडील, ४० घरांत दोन आया आणि ४९ घरांत आई-वडील होते. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात मुलांचा चिडचिडेपणा, मारामारी, हट्ट यांचा संबंध पालक कोणत्या लिंगाचे आहेत याच्याशी लागला नाही. तो लागला पालकांच्या मनावरील ताणाशी. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २००२ सालीच अशा घरातील दुसऱ्या पालकालाही मूल कायदेशीररीत्या दत्तक घेता यावे, असे जाहीर केले होते.

या मुलांना त्रास होतच नाही असे नाही. होतो, पण तो बहुधा घराबाहेरून येतो. अमेरिकेतील त्याच दीर्घ अभ्यासात, ज्या मुलांना आयांवरून टोमणे ऐकावे लागले त्यांच्यात वागणुकीच्या तक्रारी जास्त दिसल्या. शाळेत आडनाव ऐकून भुवया उंचावल्या की पोराच्या मनाचे काय होते, हे आपल्या समाजाला वेगळे सांगायला नको.

आपला कायदा कुठे उभा आहे?

आपल्याकडे दत्तक घेण्याचे मुख्य मार्ग दोन. पहिला बाल न्याय कायदा, २०१५ चा. त्याचे काम केंद्रीय दत्तक प्राधिकरण म्हणजे 'कारा' पाहते. २०२२ च्या नियमांनुसार एकटी स्त्री मुलगा किंवा मुलगी दत्तक घेऊ शकते, एकट्या पुरुषाला मुलगी मिळत नाही. जोडप्याला मात्र किमान दोन वर्षांचे स्थिर वैवाहिक जीवन असावे लागते. समलिंगी विवाहाला मान्यताच नाही, म्हणून ते जोडपे या नियमात बसत नाही. दुसरा मार्ग १९५६ च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्याचा. नावात हिंदू असले तरी तो बौद्धांनाही लागू आहे. त्यातही एकच मूल एकाच वेळी दोन व्यक्तींना दत्तक घेता येत नाही, अपवाद फक्त पती-पत्नीचा.

१७ ऑक्टोबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी या विषयावर निकाल दिला. विवाह हा मूलभूत हक्क नाही, यावर पाचही जणांचे एकमत झाले. दत्तकाच्या नियमावर मात्र तीन विरुद्ध दोन अशी फूट पडली. सरन्यायाधीश चंद्रचूड आणि न्या. कौल यांनी नियम घटनाबाह्य ठरवला. केवळ विवाहित स्त्री-पुरुषच चांगले पालक होतात याला पुरावा नाही, असे सरन्यायाधीशांनी नोंदवले. बहुमताने नियम कायम राहिला. फेरविचाराच्या याचिकाही जानेवारी २०२५ मध्ये फेटाळल्या गेल्या.

परिणाम असा की दोघींपैकी एकच 'एकल पालक' म्हणून अर्ज करू शकते. त्यातही २०२२ च्या एका पत्रकाने लिव्ह-इन नात्यातील एकल अर्जदारांची वाट अडवली. घरभेटीला आलेल्या समाजसेविकेला खरे सांगावे तर मूल मिळण्याची आशा संपते, लपवावे तर संसाराची सुरुवातच खोट्याने होते.

मूल घरी आले तरी दुसरी आई कागदावर नसते. समजा, कागदावरची आई परगावी आहे आणि रात्री मुलाचे अपेंडिक्स दुखू लागले. ऑपरेशनच्या संमतीपत्रावर सही कोणाची? कागदावरची आई वारली, तर मूल कोणाकडे राहणार? वर्षानुवर्षे ही टांगती तलवार घेऊन जगणे म्हणजे पालकांवरचा ताण, आणि हाच ताण मुलाच्या वागण्यात उतरतो हे ब्रिटनच्या अभ्यासात आपण पाहिले.

दक्षिण आफ्रिकेत अगदी हाच प्रश्न न्यायालयात गेला होता. सुझान दु टॉय आणि अॅना-मारी डी व्होस या जोडप्याने दोन भावंडे वाढवायला घेतली. कायद्याने १९९५ साली डी व्होस एकट्याच त्यांच्या पालक ठरल्या. सप्टेंबर २००२ मध्ये तेथील घटनापीठाने मुलांचे हित आणि माणसाची प्रतिष्ठा या दोन कसोट्या लावून समलिंगी जोडप्यांना संयुक्त दत्तकाचा हक्क दिला. त्या निकालाने मुलांना नवी आई मिळाली नाही, असलेली आई कागदावर आली.

तोवर काय करता येईल?

१. कागदावरच्या पालकाने जोडीदाराच्या नावे उपचार आणि शाळेबाबतचे अधिकारपत्र नोटरी करून ठेवावे. दवाखान्याच्या फाइलमध्ये त्याची प्रत लावावी. याने पालकत्व मिळत नाही, पण अडचणीच्या वेळी आधार होतो.

२. जीव धोक्यात असेल आणि संमती द्यायला पालक हजर नसतील, तर मुलाच्या भल्यासाठी डॉक्टर संमतीशिवायही उपचार करू शकतात. कायद्यात तशी तरतूद आहे. सहीसाठी वेळ घालवू नका, मूल थेट दवाखान्यात न्या.

३. आपल्या पश्चात मूल जोडीदाराकडे राहावे, ही इच्छा मृत्युपत्रात लिहावी. अंतिम निर्णय न्यायालय मुलाचे हित पाहून घेते, म्हणून वकिलाचा सल्ला आवर्जून घ्या.

४. समलिंगी जोडीदारांना रेशनकार्डासाठी एकाच कुटुंबातील मानावे, असे केंद्राने २०२४ मध्ये राज्यांना कळवले आहे. जोडीदारासोबत संयुक्त बँक खाते उघडायला आणि त्याला नॉमिनी करायलाही आडकाठी नाही. हे कागद एकत्र राहत असल्याचा पुरावा ठरतात.

५. दत्तक असल्याचे मुलाला लहानपणीच, सोप्या शब्दांत घरच्यांनीच सांगावे. बाहेरून कळले तर विश्वास तुटतो.

बाकीचे काम आपल्या सगळ्यांचे. आशाताई, अंगणवाडी सेविका, शिक्षक, परिचारिका यांना आमची विनंती आहे: मुलासोबत दोन आया किंवा दोन बाबा आले, तर 'खरी आई कोण?' असे मुलासमोर विचारू नका. लसीची तारीख दोघींनाही सांगा. पालकसभेला दोघांनाही बोलवा. कायदा बदलायला वेळ लागेल, पण मुलाच्या कानावर काय पडते ते आजपासून आपल्या हातात आहे.