जोर न लावता जोरला

महाबळेश्वरच्या आर्थरसीटवर किंवा केट्स पॉइंटवर उभा राहिलेला पर्यटक खाली बोट दाखवतो, एक फोटो काढतो आणि मक्याच्या कणसाकडे वळतो. खाली दिसणारं ते खोरं कृष्णेचं. तिथे गावं आहेत, शेतं आहेत, शाळेत जाणारी पोरं आहेत, हे वरून लक्षात येत नाही. वाईच्या बाजूने मात्र या खोऱ्यात शिरणारा एक साधा डांबरी रस्ता आहे. मेणवली, धोम, वयगाव, बलकवडी करत तो जोर गावाला पोचतो आणि तिथेच संपतो. पुढे कडा आणि वर चढणारी पायवाट. रस्ता कुठल्याच मोठ्या ठिकाणी नेत नाही, त्यामुळे त्यावर घाईत असलेलं कोणी नसतं. सायकल घेऊन दिवसभर रमतगमत जायला सातारा जिल्ह्यात याहून चांगली जागा मला तरी ठाऊक नाही.

जायचं ते माघ-फाल्गुनात. हवेत सकाळी गारवा असतो, शेतात हळद निघालेली असते आणि वाईच्या घाटांवर आळीपाळीने कृष्णाबाईचा उत्सव चाललेला असतो. नदीला ‘बाई’ म्हणून तिची मूर्ती मांडवात आणून बसवायची, तिच्यासमोर कीर्तन लावायचं आणि गावजेवणं घालायची, हा वाईकरांचा जुना रिवाज. मांडव दिसला तर थांबावं. वेळ गेला तर गेला, आज तो घालवायलाच आलोय.

घाटावरच ढोल्या गणपतीचं देऊळ आहे. 1762 मध्ये गणपतराव भिकाजी रास्ते यांनी ते बांधलं. मूर्तीचं दर्शन सगळेच घेतात. देवळाच्या मागे फारसं कोणी जात नाही. तिथली भिंत माशाच्या तोंडासारखी निमुळती केली आहे, पुराचं पाणी दोन्ही बाजूंना फुटून जावं म्हणून. बांधणाऱ्याला नदीचा स्वभाव माहीत होता आणि त्याने तिच्याशी झोंबी घेतली नाही, वाट करून दिली. पुढे दिवसभर या नदीवर माणसाने केलेली कामं दिसत राहतात. त्यात मला ही भिंत सगळ्यात शहाणी वाटते.

वाईच्याच गंगापुरीत मराठी विश्वकोशाचं कार्यालय लागतं. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्यामुळे वीस खंडांचं हे काम मुंबई-पुण्यात न होता या तालुक्याच्या गावी झालं.

मेणवली तीन किलोमीटर, म्हणजे पाय मोकळे होईपर्यंत येतेच. नाना फडणवीसांचा सहा चौकी वाडा, त्याच्या मागे चंद्रकोरीसारखा वळलेला घाट, मेणेश्वराचं आणि विष्णूचं देऊळ. ‘स्वदेस’ सिनेमा पाहिलेल्यांना हा घाट ओळखीचा वाटतो आणि ते तिथे फोटो काढण्यात रमतात. आपण मेणेश्वराजवळच्या छोट्या दगडी घुमटीत डोकवावं. तिथे टांगलेली घंटा देवळाची नाही, चर्चची आहे. 1739 मध्ये चिमाजी आप्पांनी वसई जिंकली तेव्हा तिथल्या चर्चमधल्या घंटा मराठी मुलखात आल्या आणि देवळादेवळांत लागल्या, त्यांपैकी ही एक. जवळ जाऊन पाहिलं तर तिच्या अंगावर 1707 हा आकडा आणि बाळ येशूला घेतलेली मेरी दिसते. कोणी ती खरवडून काढली नाही की झाकली नाही. कृष्णाकाठी शंकराच्या शेजारी मेरी गेली अडीचशे-तीनशे वर्षं नांदते आहे आणि गावाला त्यात काही नवल वाटत नाही.

मेणवली मागे पडली की दोन्ही बाजूंना ऊस आणि हळद. शेताच्या कडेला वाफ निघताना दिसली की ब्रेक दाबावा. पूर्वी मोठ्या काहिलीत हळद उकळत. आता बहुतेक ठिकाणी टाकीत पाणी तापवून तिची वाफ हळदीच्या पिंपांत सोडतात. शिजलेली हळद शेतातच पसरून उन्हात वाळवायची आणि मग जाळीच्या पिंपात घालून गरगर फिरवायची. साल झडते, त्याला पॉलिश म्हणतात. गरम कांड मोडून पाहिलं तर आत पिवळा नाही, गडद केशरी रंग दिसतो आणि वास डब्यातल्या पुडीसारखा मुळीच नसतो, ओल्या मातीकडे झुकणारा असतो. बोटं पिवळी होतात. मग तीच बोटं हँडलला लागतात आणि घरी जाईपर्यंत सायकलही हळदीची होऊन बसते.

धोमला धोमेश्वराच्या पुढचा नंदी पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये. तो चौथऱ्यावर नाही, एका दगडी कासवाच्या पाठीवर बसला आहे आणि भोवती कमळाच्या आकाराचं टाकं. टाक्यात पाणी भरलं की कासव नंदीला पाठीवर घेऊन तरंगतंय असं वाटतं. धौम्य ऋषींच्या नावावरून धोम हे नाव पडलं असं गावात सांगतात.

देवळाहून थोडं पुढे धरणाची भिंत आडवी येते. साडेतेरा टीएमसीचं हे मातीचं धरण. इथून रस्ता जलाशयाच्या काठाने चालतो आणि सायकलिंगची खरी मजा इथेच. चढ आहेत पण ते दम काढणारे नाहीत; एक गिअर हलका केला की गप्पा मारत चढता येतं. फाल्गुनात पाणी मागे सरकलेलं असतं आणि उघड्या पडलेल्या काळ्या जमिनीवर गाळपेर दिसते. पाण्यात गेलेल्या रानाचा तुकडा चार महिन्यांसाठी परत मिळतो, तेवढ्यात जे पिकेल ते पिकवायचं. पलीकडच्या काठावर कमळगडाचा माथा. त्याच्या डोक्यावर गेरूच्या लाल मातीत खोल खोदलेली, पायऱ्यांनी उतरायची विहीर आहे, पण तो दिवस वेगळा काढायचा.

आणखी वर बलकवडीचं दुसरं धरण. याचं पाणी बोगद्याने आणि कालव्याने डोंगरापलीकडे खंडाळा आणि फलटणच्या कोरड्या रानाला जातं. फलटणचं त्याने भलं झालं, यात वाद नाही. पण या काठाने जाताना जमिनी गेलेली गावं दिसतात, कुलूप लावलेली घरं दिसतात. घरातली माणसं मुंबईला. जत्रेला आणि गणपतीला येणार. नकाशात हिरव्या दिसणाऱ्या खोऱ्याचा हाही एक रंग.

एव्हाना झाडी बदललेली असते. वाईत पाऊस बेताचा, महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर. हा सगळा फरक या तीसेक किलोमीटरांत मावलेला आहे. बाभळी मागे राहिल्या, आता जांभूळ, हिरडा, अंजनी, करवंदाच्या जाळ्या. पांगारा आणि काटेसावर पानं टाकून नुसत्या फुलांवर आलेल्या. ऊस संपून भाताची खाचरं आणि उतारावर नाचणीची रिकामी रानं. पावसाचा हा जोर भोगावाही लागतो: जुलै 2021 मध्ये कोंढवळ्याच्या देवरुखवाडीवर दरड कोसळली. डोंगराच्या अंगावरचे तसले ओरखडे बघताना सायकलवरचा माणूस आपोआप गप्प होतो.

गोळेगाव ओलांडताना पारावर बसलेल्या आजोबांनी विचारलं, “कुठनं आला?”

“वाईवरनं.”

“सायकलवर?” त्यांनी हेल्मेटपासून टायरपर्यंत पाहून घेतलं. “का, येष्टी चुकली व्हय?”

चुकली नाही, मुद्दाम सोडली, हे त्यांना पटवण्याच्या भानगडीत पडलो नाही. त्यांनी पाणी दिलं, वर गूळ दिला.

जोरला नदी ओळखू येत नाही. वाईला जिच्यासाठी मांडव घालतात ती इथे गोट्यांमधून वाहणारा ओढा आहे, पाय भिजवत सहज ओलांडावा असा. तिन्ही बाजूंनी कडे, आणि त्यांच्या माथ्यावर क्षेत्र महाबळेश्वर. गावातली माणसं गणेशदऱ्याच्या वाटेने तिथे चढून जायची, अजूनही काही जातात. आपण डबा सोडावा. आधी कोणाच्या घरी सांगून ठेवलं असेल तर पिठलं-भाकरी मिळते; हॉटेल वगैरे शोधू नये.

परतीचा रस्ता बहुतेक उताराचा, त्यामुळे दुपार टळल्यावर निघालं तरी उजेडात वाई गाठता येते. धोम सोडल्यावर पंक्चर काढणारा भेटेलच असं नाही, तेव्हा ट्यूब, पाने आणि पंप आपल्याजवळ असावेत. पाण्याच्या दोन बाटल्या हव्यात. आणि एवढं करूनही ज्यांच्या मांड्यांना काही कामच मिळालं नाही असं वाटतं, त्यांनी दुसऱ्या दिवशी पसरणीचा घाट चढून पाचगणी गाठावी. पायथ्याचं पसरणी हे शाहीर साबळ्यांचं गाव. घाटात मोटारींची रांग असते, हॉर्न असतात आणि वर पोचल्यावर पार्किंगवरून भांडणंही असतात.