मातीचा मावळा

दिवाळी आली की मुले अंगणात किल्ला करतात. शिवाजीमहाराजांचा जन्म १६३० साली झाला, तो आपल्या जवळच्या शिवनेरीवर. मग किल्ल्यावर मावळे हवेतच! ते घरीच करावेत.

मातीचा मावळा कलंडतो. म्हणून त्याच्या पायाखाली रुंद, चपटी बैठक करा. दोन्ही ओले असतानाच काडीने ओरखडे काढा, पातळ चिखल लावा आणि जोडा. सावलीत वाळवा. उन्हात ठेवाल तर तडे जातील.

वाळल्यावर खडूची पूड डिंकाच्या पाण्यात कालवून हात द्या. पांढऱ्यावर रंग खुलतो. आधी अंगरखा, मग पागोटे, शेवटी डोळे नि मिशा. एक रंग वाळल्यावरच दुसरा लावा. बैठकीला डिंक लावून किल्ल्याचीच माती भुरभुरा. मावळा गडावर उभा दिसेल.

तांबड्याला गेरू घ्या, पिवळ्याला हळद, काळ्याला काजळी. शेंदूर मात्र नको. अस्सल शेंदरात शिसे असते. लहान मूल खेळणे तोंडात घालते. शिसे पोटात गेले तर मेंदूला इजा होते. घराला लावायच्या रंगांतही शिसे असे. २०१७ पासून त्यावर कायद्याने मर्यादा आहे. तेव्हा जुना डबा काढू नका.

रंग थोडा फिका दिसला तरी चालेल. मूल सुखरूप राहिले पाहिजे.