पितृपक्षात भरावी अशी एक शाळा

२५ मार्च २०२० ला गुढीपाडवा होता, आणि देशभरची टाळेबंदी सुरू झाली तीही त्याच दिवशी. पुढे राज्य सरकारने १ एप्रिल २०२२ पासून करोनाचे सगळे निर्बंध उठवले आणि लगेच दुसऱ्या दिवशी पुन्हा पाडवा आला. गाड्यांच्या धंद्यातला माणूस हा योगायोग विसरत नाही. पाडवा, अक्षय्य तृतीया, दसरा, धनत्रयोदशी या चार दिवसांकडे त्याचे वर्षभर डोळे लागलेले असतात. त्याचं टाळेबंदीचं वर्ष पाडव्याला अडलं आणि दोन वर्षांनी पाडव्यालाच सुटलं.

मी म्हणतो ते मोठ्या शोरूमवाल्यांबद्दल नाही. वर्धा, हिंगणघाट, पुलगाव, आर्वी इथे रस्त्याकडेला पत्र्याची शेड टाकून, समोर सात-आठ जुन्या गाड्या उभ्या करून बसणाऱ्या माणसाबद्दल मी बोलतो आहे. कोणी त्याला डीलर म्हणतं, कोणी एजंट, कोणी सरळ दलाल. त्याच्या मागे कंपनी नसते आणि शिकवणारंही कोणी नसतं. वयाच्या अठराव्या-विसाव्या वर्षी तो कोणा उस्तादाच्या हाताखाली लागतो, गाड्या धुतो, आरटीओत कागद नेऊन देतो आणि बघून बघून तयार होतो.

करोनात नेमकं हे बघणंच बंद पडलं. मार्च २०२० ची टाळेबंदी होती, फेब्रुवारी २०२१ मध्ये वर्ध्यात छत्तीस तासांची संचारबंदी लागली, मग दुसरी लाट आली. त्याच काळात जुन्या गाड्यांची मागणी मात्र वाढली. एसटीत आणि रेल्वेत बसायला लोक घाबरत होते. चिपच्या टंचाईमुळे नव्या गाडीसाठी महिनोन्‌महिने थांबावं लागत होतं. व्यवहार फोनवर आले: दहा फोटो, एक व्हिडिओ, टोकनचे पैसे, गाडी दारात.

त्या दिवसांत मीही माझी जुनी गाडी अशीच विकली. फॉर्म २९ आणि ३० वर सह्या केल्या, किल्ली दिली, पैसे मिळाले. घेणारा भला माणूस होता. म्हणाला, “भाऊ, टेन्शन नोका घेऊ, पंधरा दिवसात नाव चढून जाते.” सव्वा वर्षाने माझ्या मोबाइलवर वेगमर्यादा मोडल्याचं ई-चलान आलं. ज्या रस्त्यावर मी आयुष्यात गेलो नाही तिथलं. चौकशी केली तेव्हा कळलं, की गाडी त्याने दुसऱ्या डीलरला दिली, त्याने तिसऱ्याला, आणि नाव कोणीच बदललं नाही. मला राग आला तो दंडाच्या रकमेपेक्षा दुसऱ्याच गोष्टीचा. तीन माणसांच्या हातातून गाडी गेली आणि आपण काय जोखीम घेतो आहोत हे तिघांपैकी एकालाही ठाऊक नव्हतं. मलाही नव्हतंच.

जोखीम मोठी आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५० प्रमाणे, राज्यातल्या राज्यात गाडी विकली तर विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. न कळवल्यास काय होतं, ते सर्वोच्च न्यायालयाने ६ फेब्रुवारी २०१८ ला नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात स्पष्ट केलं. त्यातली गाडी अशीच एकाकडून दुसऱ्याकडे विकली गेली होती आणि तिचा अपघात झाला. न्यायालय म्हणालं, नोंदणीवर ज्याचं नाव आहे तोच कायद्याच्या नजरेत मालक. भरपाईची जबाबदारीही त्याचीच. म्हणजे माझ्या गाडीने चलानाऐवजी कोणाचा जीव घेतला असता, तर दारात नोटीस माझ्या आली असती.

ही फट बुजवायला केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये नियम केले आणि १ एप्रिल २०२३ पासून ते लागू झाले. जुन्या नोंदणीकृत गाड्यांचा व्यापार करणाऱ्याला कायद्याने पहिल्यांदा ओळख दिली ती इथे. त्याने फॉर्म २९-ए भरून नोंदणी प्राधिकाऱ्याकडे अर्ज करायचा आणि २९-बी हे अधिकारपत्र घ्यायचं. ते पाच वर्षं चालतं. मालकाने गाडी त्याच्या ताब्यात दिली की फॉर्म २९-सी ने ती पोर्टलवर कळवायची. तिथून पुढे गाडी ताब्यात असेपर्यंत जबाबदारी डीलरची. बदल्यात त्याला अधिकारही मिळाले: आरसीचं नूतनीकरण, दुय्यम आरसी, फिटनेस, एनओसी आणि नावबदल यांचे अर्ज तो स्वतः करू शकतो. ताब्यातली गाडी रस्त्यावर न्यायची ती चाचणीसाठी, गिऱ्हाइकाला दाखवायला किंवा दुरुस्तीला, आणि प्रत्येक फेरीची नोंद इलेक्ट्रॉनिक नोंदवहीत ठेवायची. डीलरच्या गाडीत संध्याकाळी भाचा लग्नाला जातो, ते आता चालणार नाही.

नियम चांगला आहे, मनापासून चांगला आहे. पण तो पत्र्याच्या शेडपर्यंत पोचवायचा कोणी? एके काळी आरटीओच्या खिडकीवर कारकून निदान सांगायचा, “हा कागद कमी आहे, बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ आणा, मग कर्जाचा बोजा उतरेल.” आता अर्ज पोर्टलवर जातात आणि त्रुटी स्क्रीनवर दिसते. सोय झाली खरी, पण खिडकीशी होणारं शिक्षण गेलं. त्याची जागा व्हॉट्सॲपवरच्या निरोपांनी घेतली, आणि त्यांचं काय होतं ते डिसेंबर २०२४ मध्ये दिसलं. २१ तारखेला जैसलमेरला जीएसटी परिषदेची पंचावन्नावी बैठक झाली. जुन्या गाड्यांवर सरसकट १८ टक्के दर ठरला. आधी छोट्या गाड्यांना १२ होता. दुसऱ्या दिवसापासून मोबाइलवर फिरू लागलं, की घरची गाडी तोट्यात विकली तरी १८ टक्के भरावे लागणार. हे साफ चूक होतं. जीएसटी नोंदणी नसलेल्या माणसाने आपली गाडी विकली तर हा कर नाही. नोंदणीकृत डीलरलाही तो फक्त खरेदी-विक्रीच्या फरकावर आहे. ३ लाख २० हजारांना घेतलेली गाडी ३ लाख ५० हजारांना गेली, तर कर ३० हजारांवर, म्हणजे ५,४०० रुपये. फरकच उरला नाही, तर कर नाही. हे फळ्यावर मांडायला पाच मिनिटं लागतात, आणि समोर बसलेल्याने मध्येच हात वर करून आपल्याच गाडीचं उदाहरण विचारलं तर आणखी पाच.

कागदांचं एक वेळ पडद्यावर शिकवता येईल. गाडीचं कसं शिकवणार? जुलै २०२२ च्या पुरात हिंगणघाट आणि आसपासच्या गावांत पाणी शिरलं होतं. पाण्यात उभी राहिलेली गाडी फोटोत नव्यासारखी चमकते. तिचा सीटबेल्ट शेवटच्या टोकापर्यंत ओढायचा, मग वर कधी न दिसणारी गाळाची रेघ दिसते. सीटखालचे बोल्ट गंजलेले आहेत का ते पाहायचं. पायाखालचं मॅटिंग उचलून वास घ्यायचा. ठोकून परत रंगवलेल्या गाडीत बोनेटच्या बोल्टचे कोपरे पान्याने खरवडलेले सापडतात. मीटर ४० हजार दाखवतो आणि ब्रेक-क्लचच्या पेडलचं रबर गुळगुळीत झालेलं असतं. इंजिन ऐकायचं तर थंड. म्हणून गाडी चालू करायच्या आधी बोनेटवर हात ठेवायचा, कारण खोड लपवणारा माणूस गिऱ्हाईक यायच्या आधीच इंजिन तापवून ठेवतो. टायरवरच्या चार आकड्यांत पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. ‘३५१९’ म्हणजे २०१९ चा पस्तिसावा आठवडा. वर्ध्याच्या उन्हात सहा-सात वर्षं तापलेला टायर समृद्धी महामार्गावर १२० च्या वेगाने पळवणं म्हणजे काय, हे डीलरला एकदा कळलं तर तो गिऱ्हाइकाला सांगितल्याशिवाय राहणार नाही, असा माझा विश्वास आहे.

वास, हाताला लागणारा खडबडीतपणा, थंड इंजिनाची खडखड यांतलं काहीच फोनमधून येत नाही. आणि हे सांगायला वर्ध्याहून योग्य गाव नाही. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ ला इथेच गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली, झाकिर हुसेन यांची समिती नेमली गेली आणि तिने आखलेली योजना ‘वर्धा योजना’ या नावाने देशभर गेली. हाताने काम करता करता गणित, भूगोल, भाषा शिकायची, ही तिची मांडणी. टकळीवर सूत कातणाऱ्या मुलाला लांबी-वजनाचा हिशेब येतो, तसा चॅसिस नंबरची पेन्सिल प्रिंट काढणाऱ्या पोराला कायदा यावा. मला हे ओढूनताणून जोडलेलं वाटत नाही.

परदेशात डीलरला असं शिकवलं जातं. कॅलिफोर्नियात जुन्या गाड्यांच्या डीलरला परवान्याआधी किमान सहा तासांचं शिक्षण घ्यावं लागतं आणि परीक्षाही द्यावी लागते. अमेरिकेतल्या स्वतंत्र डीलरांची संघटना १९४६ पासून आहे. आपल्याकडे मारुतीने ‘ट्रू व्हॅल्यू’ २००१ मध्ये काढली, २०१५ मध्ये ‘कार्स२४’, ‘स्पिनी’ आल्या. गाडी कशी तपासायची हे त्या आपल्या माणसांना पद्धतशीर शिकवतात. रस्त्याकडेचा एकटा डीलर त्यांच्याशी स्पर्धा करतो तो उस्तादाने शिकवलेल्या तेवढ्यावर.

म्हणून माझी मागणी साधी आहे. उपप्रादेशिक परिवहन कार्यालयाने आणि शासकीय आयटीआयने मिळून दोन दिवसांचा वर्ग घ्यावा, आणि तो पितृपक्षात घ्यावा. त्या पंधरवड्यात कोणी गाडी घेत नाही. शेडमधले सगळे चहा पीत, माशा मारत बसलेले असतात. आयटीआयच्या अंगणात चार गाड्या उभ्या कराव्यात: एक पुरातली, एक ठोकून रंगवलेली, एक मीटर फिरवलेली, आणि एक दिसायला निर्दोष पण बँकेचा बोजा न उतरलेली. तीन बोनेट उघडून द्यावेत. चौथ्या गाडीची फक्त आरसी हातात द्यावी आणि विचारावं, ही घ्याल का?