पिंगुळीच्या पोथ्या आणि शुतेन दोजी

क्योतोच्या तरुणींना पळवून नेणाऱ्या शुतेन दोजी या नरभक्षक, मद्यासक्त राक्षसाची कथा जपानमध्ये निदान चौदाव्या शतकापासून चित्रांतून सांगितली जाते. मिनामोतो नो राइको हा योद्धा निवडक साथीदारांसह डोंगरी साधूंचा वेष घेऊन त्याच्या गढीत शिरतो, त्याला मारक मद्य पाजतो आणि त्याचा शिरच्छेद करतो; मात्र तुटलेले मस्तकही झेप घेऊन राइकोच्या शिरस्त्राणाला चावा घेते. कानो मोतोनोबू या चित्रकाराच्या चित्रशाळेत 1522 साली सिद्ध झालेली या कथेची प्रसिद्ध चित्रगुंडाळी टोकियोच्या संतोरी कलासंग्रहालयात असून, 2025 मध्ये त्या संग्रहालयाने या राक्षसावरील चित्रांचे स्वतंत्र प्रदर्शन भरवले. अशी गुंडाळी, जिला जपानीत एमाकी म्हणतात, उजवीकडून डावीकडे उलगडत आणि पाहिलेला भाग गुंडाळत न्यायची असते, त्यामुळे पुढचे संकट गुंडाळीच्या आतच दडून राहते. प्रदर्शनात ती काचेखाली लांबवर पसरली, की राक्षसाचा अंत त्याच्या प्रवेशाआधीच दिसू शकतो, आणि एवढी हानी कोणत्याही संग्रहालयाला पूर्णपणे टाळता येत नाही.

महाराष्ट्रात हीच अडचण चित्रकथी या परंपरेपुढे आहे. चित्रकथी म्हणजे चित्रे दाखवून आख्यान गाणारा कलावंत, आणि ती कलाही त्याच नावाने ओळखली जाते. बाराव्या शतकातील चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या 'मानसोल्लास' या ग्रंथात अशा कथेकऱ्याचा उल्लेख सापडतो. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात आणि इतरत्र जतन झालेली, पैठणच्या नावाने ओळखली जाणारी चित्रे ठळक रेषेची, सपाट रंगांची आणि मोठ्या वाटोळ्या डोळ्यांची आहेत. कुडाळ तालुक्यातील पिंगुळीची चित्रे त्या मानाने नाजूक रेषेची आहेत. दोन्हीकडे चित्रे सुट्या कागदांवर काढलेली असून एका आख्यानाच्या अशा कागदांच्या संचाला पोथी म्हणतात. पिंगुळीच्या ठाकर समाजातील कलावंतांना सावंतवाडी संस्थानाचा आश्रय होता, आणि कोणत्या देवळात कोणी आख्यान लावायचे याचे हक्क घराण्यांना वाटून दिलेले होते.

पोथीचे तंत्र गुंडाळीहून निराळे आहे. कथेकरी जमिनीवर बसून एक कागद पुढे उभा धरतो, वीणा, हुडूक (बारीक कमरेचे हातवाद्य) आणि टाळ यांच्या साथीवर त्या प्रसंगाचे गायन आणि निरूपण करतो, आणि प्रसंग संपला की तो कागद मागे टाकून पुढचा उचलतो. चित्रात पार्श्वभूमी जवळपास नसते. अरण्य, रात्र, समुद्र हे सारे आवाजाने उभे करावे लागते. रामलक्ष्मणांना पाताळात पळवून नेणारा महिरावण मराठी कथापरंपरेचा लाडका राक्षस आहे, आणि अशा राक्षसाचे चित्र शांतपणे पाहिले तर त्याच्या भेदकतेपेक्षा त्याच्या अलंकारांकडेच लक्ष जाते. हुडुकाचा ठेका चढला आणि कागद मध्येच थोडा हलवला गेला, की तेच डोळे प्रेक्षकांतील पोरांना पुरेसे भीतिदायक होतात. त्यामुळे पोथीला कथेकऱ्यापासून वेगळे करणे म्हणजे नाटकाचे नेपथ्य ठेवून नट काढून घेणे होय.

पिंगुळीतील गुढीपूर येथे परशुराम गंगावणे यांनी उभारलेले 'ठाकर आदिवासी कला आंगण' हे संग्रहालय याच कारणाने महत्त्वाचे ठरते. गुरांच्या गोठ्यात सुरू झालेल्या या संग्रहालयात चित्रपोथ्यांबरोबर कळसूत्री बाहुल्या आणि चामड्याच्या छायाबाहुल्याही आहेत, आणि ज्या घराण्याने त्या जपल्या तेच घराणे आजही त्यांचे प्रयोग करते. गंगावणे यांना 2021 साली पद्मश्री जाहीर झाली. दालने, प्रकाशयोजना, तापमाननियंत्रण या कसोट्यांवर महानगरातील संग्रहालये त्याच्या कितीतरी पुढे असतील; पण वस्तूचा उपयोग अजून चालू ठेवण्याच्या कसोटीवर हा गोठाच सरस आहे, असे म्हणायला हरकत नाही.

ठाणे, दिवा, डोंबिवली, कल्याण या पट्ट्यात मूळची सिंधुदुर्गातील असंख्य कुटुंबे राहतात, आणि गणपतीला गावी जाण्याचा त्यांतल्या अनेकांचा रस्ता कुडाळवरूनच जातो. तरीही या शहरांत दशावतार नाटकांना जो प्रेक्षक मिळतो तो चित्रकथीला मिळत नाही, याचे एक कारण साधे आहे: हातभर कागदावरचे चित्र मोठ्या नाट्यगृहाच्या शेवटच्या रांगेतून दिसत नाही. ही कला देवळाच्या मंडपापुरत्या, पन्नाससाठ माणसांच्या घोळक्यासाठी घडलेली आहे. गृहसंकुलाचे सभागृह किंवा शाळेचा मोठा वर्ग तिला रंगमंदिरापेक्षा अधिक मानवतो, आणि आयोजकांनी तेवढीच जागा तिला द्यावी. दिव्याहून सुटणारी सावंतवाडी गाडी कुडाळला थांबते, आणि तेथून पिंगुळी काही किलोमीटरांवर आहे. गावी जाणाऱ्यांनी तेथे जाऊन केवळ चित्रे पाहून परतू नये, आख्यानाची एखादी पोथी लावण्याची आधी विनंती करून ठेवावी.