लोहकल्प आणि ग्रहणी : औषधसेवनकालाचा विचार

पांडुरोगात लोहकल्प दोन-दोन महिने देऊनही हिमोग्लोबिन जागचे हलत नाही, असा अनुभव बहुतेक वैद्यबंधूंना केव्हा ना केव्हा आलेला असेल. अशा वेळी दोष भस्माच्या प्रतीकडे जातो व फार्मसीला जाब विचारला जातो. भस्म निकृष्ट असू शकते, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु रुग्ण आणखी कोणती औषधे घेतो आणि ती केव्हा घेतो, हे विचारून पाहिल्यास पुष्कळदा कारण तेथेच सापडते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांमध्ये रक्ताल्पता आढळली. तेव्हा हा विचार कोणत्याही चिकित्सालयास परका नाही.

अन्नातील पिष्ट लाळेने फुटू लागते, प्रथिने आमाशयातील आम्ल व पेप्सिन यांच्या योगाने फुटतात, हे सर्वपरिचित आहे. त्याच तीव्र आम्लात अन्नातील व औषधातील लोह विरघळते, याकडे मात्र लक्ष कमी जाते. तेथून अन्न ग्रहणीत उतरते. चरकाचार्यांनी चिकित्सास्थानाच्या पंधराव्या अध्यायात ग्रहणीचे स्थान नाभीच्या वर सांगून, अपक्व अन्न धरून ठेवणे व पक्व ते पुढे सोडणे हे तिचे कर्म वर्णिले आहे. आधुनिक शारीरातील ड्युओडेनम जेमतेम २५ सेंटिमीटर लांबीचा आहे. पित्त व स्वादुपिंडाचा रस येथेच अन्नात मिसळतो. शर्करा, अमिनो आम्ले व स्नेह यांच्या शोषणास पुढचे कित्येक फूट आतडे मोकळे असते. लोहाचे तसे नाही. त्याचे शोषण मुख्यतः ड्युओडेनम व त्याला लागून असलेल्या भागातच होते. पुढे आम्लता मावळत जाते, लोह अविद्राव्य होते आणि मलावाटे निघून जाते.

शरीरात एकूण लोह तीन ते चार ग्रॅम. रोजचा व्यय सुमारे एक मिलिग्रॅम, रजःस्रावाच्या काळात त्याहून अधिक. साठलेले जादा लोह बाहेर टाकण्याची सोय शरीरापाशी नाही. म्हणून जो काही बंदोबस्त आहे तो आत घेतानाच आहे.

आता आपल्या घरातील सकाळ पाहावी. चहा, चहाबरोबर पोळी आणि त्याच घोटाबरोबर लोहाची गोळी. चहातील कषाय द्रव्ये लोहाला बांधून टाकतात, धान्याच्या कोंड्यातील फायटेटही तेच करते. त्यातच अम्लपित्ताची तक्रार असेल, तर आम्हीच शंखभस्म, प्रवाळ किंवा कपर्दिक भस्म त्याच पुडीत घालून देतो! सुधावर्गातील ही द्रव्ये कॅल्शियमप्रधान आहेत; ती आम्ल शमवितात आणि कॅल्शियम स्वतः लोहाच्या शोषणास आड येते. सूतशेखरातही शंखभस्म आहे, याचे स्मरण असावे. ज्याला रुग्ण ‘गॅसची गोळी’ म्हणतो ती ओमेप्राझोल वा पँटोप्राझोलची गोळी महिनोन्‌महिने अनशापोटी चालू असेल, तर आम्ल मुळातच फार कमी निर्माण होते. मंडूर व लोहभस्म ही तर स्वभावतःच विरघळण्यास कठीण. दीर्घकाळच्या अशा सेवनाने बी-१२ जीवनसत्त्वाचे शोषणही उणावते, म्हणजे पांडुत्वाला दुसरे कारण मिळते.

धात्री लोहात लोहाच्या दुप्पट आमलकी आहे. अम्ल द्रव्याच्या सान्निध्यात लोह अधिक शोषले जाते, हे पाहता ही योजना अर्थपूर्ण वाटते. नवायस लोहात त्रिकटू व चित्रकाने अग्नीची सोय केली आहे आणि अनुपान मधुघृताचे आहे, चहाचे नव्हे. तथापि प्रत्येक जुन्या योगाला आधुनिक भाषेचे प्रमाणपत्र मिळवून देण्याचा मोह आम्हांस मान्य नाही. त्याच नवायसातील त्रिफळा कषाय आहे. तिला शोषणवर्धक ठरविणे ही ओढाताण होईल.

शार्ङ्गधराने औषधसेवनाचे पाच काल सांगितले, सुश्रुताने दहा. आमच्या डब्यांवर मात्र ‘दोन गोळ्या दोन वेळा’ एवढेच छापलेले असते. फार्मसीमालकांना आमची विनंती अशी की, लोहकल्पाच्या वेष्टनावर ‘चहा, कॉफी व दूध यांच्याबरोबर घेऊ नये’ ही एक ओळ घालावी. वैद्यांनी लोहकल्प व सुधावर्गीय कल्प यांत किमान दोन तासांचे अंतर ठेवावे. लोह दुपारच्या जेवणाबरोबर दिल्यास ताटात लिंबाची फोड असावी आणि चहा तासाभराने घ्यावा. रुग्ण थायरॉइडची गोळी घेत असल्यास तिच्यापासून लोह व सुधा दोन्ही चार तास दूर ठेवावीत. ही चौकशी औषधविक्रेत्यानेही गल्ल्यावर करावी.

एवढे करूनही हिमोग्लोबिन चार-सहा आठवड्यांत वाढले नाही, तर मात्रा वाढवीत बसू नये. जीर्ण शोथ असता यकृतातील हेप्सिडिन हे द्रव्य वाढते आणि ग्रहणीतून रक्तात जाणारे लोह अडविते. तेथे आधी शोथाची चिकित्सा. कृमी, अर्श व अत्यार्तव यांची चौकशी करावी. पुरुषात किंवा रजोनिवृत्त स्त्रीत लोहाची कमतरता आढळली, तर पचनमार्गातून गुप्त रक्तस्राव होत नाही ना, हे मलपरीक्षा व दुर्बिणीच्या तपासणीने लगेच पाहून घ्यावे. लोहकल्पाने मल काळा होतो, त्यामुळे अशा रुग्णात नुसत्या मलाच्या वर्णावरून निष्कर्ष काढता येत नाही.